फितीत अडकलेली होडी

“पाणी तिकडं, होडी इकडं, अन् मधात ही फीत,” प्रफुल म्हणाला. “कात्री आहे माझ्या खिशात. कापू का?”

“काप. मग केशोराव काकाजी तुझे कान कापतील.” डिंपलने त्याला गप्प केलं खरं, पण हात तिचेही शिवशिवत होते.

खैरटोल्याच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बांबूंच्या रुळांवर ठेवलेली ती लांब पांढरी होडी दिवाळीच्या आधीपासून तशीच पडून होती. वर ताडपत्री आणि ताडपत्रीवर लाल फीत. होडी खरं तर समुद्रात चालवायची. पण किनारा तर तलावालाही असतो, असं म्हणून नीतूताईने ती ट्रकमध्ये घालून गावाच्या नव्या क्लबसाठी पाठवली होती. नीतूताई जिल्ह्याच्या शिबिरात नौकानयन शिकवायची. डिंपल, प्रफुल, दुर्गेश्वरी आणि भुपेंद्र या चौघांना वल्ही धरायला तिनेच शिकवलं होतं. अट एकच होती. सुट्टीच्या शेवटच्या रविवारी ती येणार, आणि गावाने होडीतून तलावाला एक फेरी मारून दाखवायची. दाखवली तर होडी गावाची, आणि उन्हाळ्यात चौघं कोकणात, खऱ्या समुद्रावर. नाही दाखवली तर होडी त्याच ट्रकमधून दुसऱ्या गावाला.

आता रविवार तोंडावर आला होता आणि होडीच्या बुडाला अजून पाणी लागलं नव्हतं.

कारण होते केशोराव काकाजी. ते क्लबचे अध्यक्ष. जिल्ह्याहून मोठे साहेब येणार, फीत कापणार, अध्यक्षांसोबत होडीत बसून फोटो काढणार, आणि मगच पोरांनी हात लावायचा, असा त्यांचा हुकूम होता. साहेबांची तारीख काही मिळत नव्हती. चौघांनी काकाजींना शेतात गाठलं, बाजारात गाठलं, लग्नाच्या पंगतीतही गाठलं. दर वेळी तेच उत्तर. “होते ना. कायले घाई करून राहिले?”

शेवटी चौघं भुपेंद्रच्या अंगणात दोन बाजा जोडून त्यांवर वल्हवताना बसतात तसे पाठमोरे बसले आणि रोज बांबूंनी हवा वल्हवू लागले. समोरच्या शेळ्या रवंथ करत बघत राहायच्या. डिंपलला त्या शेळ्यांचा सगळ्यांत जास्त राग यायचा.

कात्रीची गोष्ट निघाली त्या दिवशी तिने ताडपत्रीचा कोपरा उगीचच उचलून पाहिला आणि ती थबकली. होडीच्या तळाला पाणी साचलं होतं. बाकाखाली एक हिरवा, काटेरी शिंगाडा पडला होता.

“कोणीतरी आपली होडी चालवून राहिला,” ती हळूच म्हणाली.

भुपेंद्रने लगेच शेजारच्या गावच्या पोरांवर संशय घेतला. डिंपलने मान हलवली. फितीची गाठ तिच्या आईने, प्रेमिलाबाईने, फुलासारखी बांधली होती. आता तिथे बैलाला दाव्याने बांधतात तशी गाठ होती. “चोर फीत तोडून टाकल. हा माणूस ती परत बांधून ठेवते. म्हणजे त्याले फितीची काळजी आहे.”

शिंगाड्याचे वेल तलावाच्या एकाच कोपऱ्यात होते आणि ते दुर्गेश्वरीच्या वडिलांनी, सुकरामने लावलेले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे सुकराम शिंगाडे तोडायला निघाला, तेव्हा दोघी मुली नारिंगी लाइफ जॅकेटं चढवून त्याच्या डोंग्यात, लहानशा लाकडी होडक्यात, बसल्या. प्रफुल आणि भुपेंद्र पाळीवरून वाकत वाकत चालले.

धुक्यात आधी ऐकू आले ते आवाज.

“छोटेलाल, तू उलटा बसला आहेस.”

“नाही काकाजी, उलटे तुम्ही बसले.”

होडी दिसली. एका बाकावर पानठेल्याचा छोटेलाल होडीच्या मागच्या टोकाकडे तोंड करून बसला होता. दुसऱ्यावर केशोराव काकाजी पुढे तोंड करून. दोघंही जीव तोडून वल्ही ओढत होते. एकजण होडी पुढे ढकलत होता, दुसरा मागे. होडी जागच्या जागी गिरक्या घेत होती आणि प्रत्येक गिरकीला शिंगाड्याचे वेल वल्ह्यांना आणखी गुंडाळत होते. काकाजींचं जॅकेट पोटावर बंद होत नव्हतं.

काकाजींना डोंगा दिसला आणि वल्ही थांबली. सुकरामने डोंगा जवळ घेतला. त्याने वेल सोडवले, होडीला दोर बांधला आणि ती काठाला आणली. पाळीवर प्रफुल मोबाईल रोखून उभा होता.

“चार दिवस झाले शिकून राहिलो,” काकाजी चिखलात उभे राहून म्हणाले. “साहेबांसंग मले होडीत बसावं लागल. अन् मले वल्हवता नाही येत. सगळ्या गावापुढं फजिती झाली असती.”

डिंपलचा संयम सुटला. “तुम्ही चोरून शिकून राहिले, अन् आम्ही बाजेवर हवा वल्हवून राहिलो! आम्हालेच विचारलं असतं तर?”

“अन् जिकडे जायचं तिकडे पाठ करून बसू? बैलांची बंडी कोणी अशी हाकते का?”

डिंपल वाद घालणार होती, पण तिला शिबिरातली होडी आठवली. चौघं वल्हवणारे पाठमोरे, आणि त्यांच्यासमोर, मागच्या टोकाला, नीतूताई. “होडीत एक जागा आहे पुढं तोंड करून,” ती म्हणाली. “सुकाणूची. तिथं बसून होडी हाकायची असते. आमच्याकडे ती रिकामी आहे.”

काकाजींनी तिच्याकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं. मग फीत पुन्हा बांधत म्हणाले, “साहेबांले विचारून सांगतो.” आणि निघून गेले.

“व्हिडिओ साऱ्या गावाले दाखवतो,” प्रफुल चिडला.

“मग ते आपल्यासंग बसतील का? पुसून टाक.” डिंपलने हे दात आवळून सांगितलं.

प्रफुलने कुरकुर करत व्हिडिओ पुसला.

रविवार उजाडला. काकाजींकडून निरोप नाही, साहेबांकडून नाही. चौघं नुसतेच पाण्यात दगड फेकत बसले. नीतूताई आली, तिच्यामागून ट्रक आला. अर्धं गाव पाळीवर जमलं. काकाजी पांढरा सदरा घालून, मोबाईल कानाला लावून येरझारा घालत होते. शेवटी नीतूताईने ट्रकवाल्याला खूण केली. त्याने ट्रकचा मागचा फाळका धाडकन उघडला.

त्या आवाजाने काकाजी वळले. त्यांनी मोबाईल खिशात टाकला, होडीपाशी आले आणि गाठ सोडायला लागले. ओली होऊन सुकलेली गाठ हलेना.

“प्रफुल,” ते म्हणाले, “कात्री दे.”

होडी पाण्यात ढकलून चौघं बाकांवर बसले. डिंपल सगळ्यांत मागच्या बाकावर, म्हणजे काकाजींच्या अगदी समोर. काकाजी सुकाणूपाशी बसताच होडीचं मागचं टोक चांगलंच खाली गेलं. “काकाजी, पुढचं टोक आता विमानासारखं उडते,” प्रफुल पुटपुटला. पण वल्ही एकदम पडली, एकदम उठली. बाजेवरची एवढ्या दिवसांची चिडचिड हातांत साठली होती. ती आता पाणी कापत होती. काकाजी बैलांना सांगावं तसे डावं-उजवं सांगत होते आणि होडी ऐकत होती. शिंगाड्याच्या कोपऱ्यापाशी मात्र ते स्वतःहूनच लांबून वळले.

फेरी संपली तेव्हा पाळीवर टाळ्यांचा कडकडाट झाला. नीतूताईने ट्रक रिकामाच परत पाठवला. “सरावाशिवाय असा ताल?” तिने विचारलं, आणि चौघांनी पाळीवर चरायला आलेल्या त्याच शेळ्यांकडे बोट दाखवलं.

मग अर्थात सत्कार. काकाजी भाषणाला उभे राहिले. गावाचा इतिहास झाला, तलावाचा झाला, आता धानाचा सुरू झाला. डिंपलची नजर पाण्याकडे. ऊन उतरायला लागलं होतं आणि तिला आणखी एक फेरी हवी होती.

काकाजी अचानक थांबले. “चूक माझी होती,” ते म्हणाले. “गाठ मी बांधली, अन् कात्री या पोरांनी दिली. पोरांनी गावाची लाज राखली. बाकीचं भाषण आता होडीतच करतो.” ते चौघांकडे वळले. “चला. तिथं तुम्हाले माझ्याकडेच तोंड करून बसावं लागते.”