नऊजणींची नांगरट

सावेलुगुच्या फाट्यावर शियाच्या झाडाखाली ट्रॅक्टर उभा होता आणि ट्रॅक्टरवाला सावलीत बसून मजेत बाजरीचा फुरा पीत होता. बाजारातली गर्दी चुकवायला सुहुयिनीनं आडवाट धरली म्हणून तो तिला दिसला. ट्रॅक्टरचा नंबर तिनं वाचला आणि तिचं डोकंच फिरलं. मोबाइलवर नोंदणी करून तीन आठवडे ज्याची वाट पाहत होती, तोच हा.

"ओ ट्रॅक्टरवाले, आज कुठलं शेत?"

"अल्हाजींचं. मोठी शेती आहे त्यांची." तो हसला. मेल्याचे डोळे लाघवी होते... तिला त्याचाही राग आला.

"आज आमचा नंबर आहे. नऊ बायकांचा. तिसऱ्यांदा पुढे ढकललाय."

"मालक सांगतो तिथं जातो मी, बाई. तुमचे तुकडे एवढेसे. दर बांधाला वळायचं म्हणजे डिझेलही जातं नि दिवसही."

ट्रॅक्टर सगळ्यांचा, ज्याचा नंबर आधी त्याचं शेत आधी — हे सांगताना मालकाची जीभ जराही अडखळली नव्हती. त्याच भरवशावर सुहुयिनीनं दारोदार फिरून नऊ बायका जमवल्या होत्या, सगळ्यांची मिळून एक नोंदणी केली होती. नोंदणीमागे मिळणारं कमिशन हा तिचा स्वतःचा पहिला धंदा. आणि बायकांचं शेत म्हटलं की कायम शेवटी! परवाच्या पावसानं जमीन अजून ओली होती. दोन दिवसांत तिचा दगड झाला असता, भुईमूग राहिला असता, आणि त्या बायकांनी तिला पुन्हा दारात उभं केलं नसतं.

"वळायचा त्रास होतो ना? मग बांध काढतो आम्ही. नांगरून झालं की दोरी लावून परत वाटून घेऊ."

फुऱ्याचा वाडगा त्याच्या हातातच राहिला. "नवऱ्यांना विचारलंत?"

"भुईमूग काय नवरे पेरतात?"

आता मात्र त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "नाव काय तुझं?"

"सुहुयिनी. आणि हे 'तुझं' कधीपासून?"

"आत्तापासून. मी अझिंदो. चल, वाट दाखव."

बायकांनी बांधावरचे दगड घमेल्यांनी उचलले. अझिंदो सरळ रेघेत नांगरत सुटला. ओल्या मातीचा वास, ट्रॅक्टरची धडधड, आणि शेताच्या टोकाला पोचला की हटकून तिच्याकडे वळणारी ती नजर... ती दर वेळी कपाळाला आठ्या घालायची, आणि दर वेळी त्या जरा कमी पडायच्या.

निम्म्याहून जास्त नांगरून झाल्यावर त्यानं ट्रॅक्टर थांबवला. मालकाचा फोन वाजत होता, चौथ्यांदा.

"काम जाईल माझं," तो म्हणाला.

"मग जा की अल्हाजींकडे. कुणी अडवलंय?"

"तूच." तो हसला नाही. "त्याला काय सांगू तेवढं सांग."

तिनं फोन हिसकावून घेतला. "साहेब, ज्याचा नंबर होता त्याच्याच शेतात आहे ट्रॅक्टर. अल्हाजींना उद्या सकाळी मिळेल. आणि याला काढलंत, तर या गावातली एकही बाई तुमच्याकडे नोंदणी करणार नाही. ते मी बघते."

पलीकडून मालक कुरकुरला, "सकाळी किती वाजता?"

"सहाला," तिनं सांगितलं आणि फोन ठेवला. अझिंदोनं तिचा हात हातात घेतला... फोनसकट.

"शुक्रवारी काकांना पाठवतो तुमच्याकडे. मागणी घालायला कोलाच्या बिया घेऊन."

"चार तासांची ओळख नाही आणि—"

"तुला चिडलेली पाहून झालं. आता घाबरायचं कशाला?"

"आधी उरलेलं नांगर," ती फणकारली. हात मात्र तिनं सोडवून घेतला नाही. मग हळूच म्हणाली, "शुक्रवारी नमाजानंतर बाबा घरीच असतात."