बाराव्या रात्रीचा निरोप

जवळ बसा रे. हे माझ्या मित्राच्या बाबतीत घडलं, म्हणून सांगतो. इस्पितळात हृदयाचे आलेख काढायचा तो. कागदाच्या लांब पट्ट्या काढून काढून त्याचं नावच पट्टीवाला पडलं होतं. त्या रात्री त्याला फक्त एक निरोप पोचवायचा होता.

हृदय बदलायच्या शस्त्रक्रिया तेव्हा नव्या होत्या. आमच्याकडे एका मास्तरांवर केली. त्यांचं हृदय इतकं थकलेलं, की शर्टाची बटणं लावतानाही धाप लागायची. नवं मिळालं ते परांचीवरून पडलेल्या एका गवंड्याचं. त्याचा मेंदू संपला होता, छाती तेवढी चालू होती. बायकोने कागदावर अंगठा दिला खरा, पण तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा नाही. रोज फाटकाशी येऊन पट्टीवाल्याला विचारायची, "चालू आहे का?"

"चालू आहे, वहिनी."

थांबलं की मला येऊन सांगा, असा शब्दच घेतला होता तिने त्याच्याकडून.

आठव्या दिवशी मास्तर स्वतःच्या हाताने चहा प्यायले. मोठे डॉक्टर चक्क हसले. पट्टीवाला म्हणायचा, त्यांचे दात मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिले. पण शरीराने ते परकं हृदय काही आपलं मानलं नाही. तेव्हाची औषधं तोकडी. मास्तरांची बायको काचेपलीकडे उभी, आत यायची बंदी. बाराव्या रात्री, मंगळवारी, दोन चाळीसला पट्टीवरची रेघ सरळ झाली.

पट्टीवाला सायकलवर निघाला. रस्ता रिकामा. गवंड्याच्या घरी दिवा होता... दार उघडंच.

ती उंबऱ्यात बसलेली. याने तोंड उघडायच्या आत म्हणाली, "कळलं मला. आत्ताच येऊन गेले."

"कोण?"

"चेहरा ओळखीचा नव्हता. उंच, काटकुळे... अंगात इस्पितळाचा झगा. पण दारात खाकरले ते अगदी ह्यांच्यासारखे. म्हणाले, दार लावून घे. आता माझं येणं होणार नाही."

तिने मास्तरांना कधीच पाहिलं नव्हतं. वर्णन त्यांचंच.

पट्टीवाल्याने सायकल वळवली.

तो परतला तेव्हा चार वाजले होते. नर्सबाई अजून कागद भरत होत्या. मास्तर खाटेवर. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी जमिनीला पाय लावला नव्हता.

पायांवरची चादर सरकली होती. नीट करायला पट्टीवाल्याने हात पुढे केला...

तळव्यांना माती होती. दोन्ही. ओली.