पहिला मेसेज नागसेनला

मी अकील. कंप्युटरवाला माणूस. भुताखेताचं बोललो की दोस्तच माझी खेचतात. खेचा बापहो. पण इमानानं सांगतो, हे माझ्याच दुकानात घडलं. धाड गावात, एसटी स्टँडच्या पलीकडे.

आणि रात्री नाही... भर सकाळी.

आमचं काम वेबसाइट बनवायचं. दरवेळी नवा कोड कोण लिहीत बसतो? माझा भागीदार नागसेन, त्यानं छोटे छोटे तुकडे लिहून ठेवलेले. लॉगिनचा एक, डेटाबेसमधून नाव शोधायचा एक, सगळ्यांना मेसेज पाठवायचा एक. लागेल तो उचलायचा आणि चिकटवायचा.

मेसेजच्या तुकड्यात त्यानं स्वतःचाच नंबर पक्का बसवला होता. पहिला मेसेज त्याला जायचा. तो पोचला तरच बाकीच्यांना.

"असं काऊन बे?" मी विचारलं होतं.

"चुकला तर माह्यावर चुकू दे. लोकाइले तरास नको."

मग नागसेनच गेला. बीटी कपाशीवर बोंडअळी पडली होती, म्हणून घरच्या वावरात फवारायला गेला. वारा फिरला. औषध सगळं अंगावर आलं. दवाखान्यातून तो परत आलाच नाही.

त्याचं सिम बंद झालं. मोबाइल त्याच्या आईनं, महामायामावशीनं, पेटीत ठेवला. तुकडा मात्र आम्ही तसाच वापरत राहिलो.

त्याच्या नंबरापुढे रोज दिसायचं... पोचला.

मोबाइल कंपनीचा घोळ असेल, म्हटलं.

त्या सकाळी एका कृषी केंद्राचा मेसेज पाठवायचा होता. हवा शांत आहे, आज फवारणी करा. माझे अब्बा त्याचीच वाट पाहत वावरात बसले होते.

मी बटण दाबलं.

नागसेनचा नंबर... थांबला.

पुन्हा दाबलं. थांबला. त्याच्यामागे सगळं गाव अडलं. माझं डोकं फिरलं. तुकडा उघडला आणि त्याचा नंबर खोडला.

पान पुन्हा उघडलं... नंबर जागेवर.

पुन्हा खोडला. पुन्हा जागेवर.

मग वास आला. फवारणीच्या औषधाचा, घसा धरणारा. दुकानात कंप्युटर, कागद आणि खुर्च्यांशिवाय काही नव्हतं.

तेवढ्यात अब्बांचा फोन. "मेसेज काऊन नाही आला रे? पंप भरून बसलो."

मी बोलणार, तर फोनमध्ये नुसता वारा. घोंघावणारा. थोड्या वेळानं अब्बांचा आवाज आला, कापरा.

"बरं झालं थांबलो. पंप पाठीवर असता तर समदं अंगावर आलं असतं."



दुपारी मावशीकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ती रडली नाही.

"मेल्यावरही कामच करून राह्यला का माहा पोरगा?" ती म्हणाली. "काढ तो नंबर. त्याले निजू दे."

ती माझ्यासोबत दुकानात आली. मी नंबर खोडला. तिनं कंप्युटरवरून हात फिरवला. "बस झालं राजा. नीज आता."

या वेळी नंबर परत आला नाही. मला हायसं वाटलं, आणि फार एकटंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं, तर माझ्याच खिशातला मोबाइल वाजला. तुकडा उघडून पाहिला. नागसेनच्या जागी माझा नंबर होता.

मी टाकला नव्हता. मावशीला तर कंप्युटर चालवता येत नाही.

"चांगलंच आहे की," अब्बा म्हणाले. "कोणीतरी पुढं पाहिजेच."

मला काही ते चांगलं वाटत नाही. अब्बांचे गुडघे गेलेत. यंदा पंप माझ्या पाठीवर आहे, आणि उद्या आमची फवारणी.

आज सकाळी माझा मोबाइल दुरुस्तीला दिलेला होता. सिम काढून मी टेबलावर ठेवलं होतं, डोळ्यांसमोर.

आणि माझ्या नंबरापुढे लिहून आलं... पोचला.