दहा बटा शून्य

डब्याचं झाकण उघडलं आणि नारायणराव लेल्यांनी तोंडातली अर्धी शंकरपाळी रुमालात काढून ठेवली.

आत दूध पावडर आहे, असं डब्यावरचं चित्र सांगत होतं. प्रत्यक्षात पिवळट गठ्ठे होते, त्यांना धरून जाळी लोंबत होती आणि जाळीत बारीक अळ्या सावकाश वळवळत होत्या. वासाचं तर नावच नको. खवट तूप आणि ओलं पोतं एका खोलीत कोंडल्यासारखी घाण सुटली होती.

"हे लेकरांच्या पोटात गेलंय, सायेब," अंबूबाई म्हणाली. "आन् नाव माज्या मालकाचं घेत्यात."

लालासाहेब फडत्रे नाकाला रुमाल न लावता डब्यात बघत राहिले. मिलिटरी पोलिसातून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी साताऱ्यात खासगी तपासाचं ऑफिस थाटलं होतं. नारायणराव मूळचे वाईचे, विमा एजंट. चहाला म्हणून येत आणि प्रत्येक तपासाला चिकटत. अंबूबाईचा दीर एके काळी लालासाहेबांच्या पलटणीत होता, म्हणून ती थेट मिरजेच्या पलीकडच्या गावाहून एस.टी.नं आली होती. एका घरानं उकिरड्यावर फेकलेला हा डबा ती पिशवीत घालून घेऊन आली होती.

तिची हकिकत साधी होती. नवरा बिराप्पा सौदीत सात वर्षं ट्रक चालवून गेल्या साली परतला. सांगलीत 'गल्फ कॉर्नर' नावाचं दुकान होतं. तिथले हे परदेशी डबे गावातल्या तीन घरांनी आणले. तिन्ही तान्ह्या पोरांना उलट्या-जुलाब सुरू झाले. शेजारच्या साक्षीचं बाळ तर सलाईनवर होतं. दुकानदार भाऊसोनं पोलिसांना सांगितलं, डबे बिराप्पानं आणून दिले. पोलिसांनी बिराप्पाला उचललं.

"त्यानं खरोखर किती आणले होते?"

"दोन. नणंदंच्या पोरासाटनं. त्ये कवाच संपलं." तिनं पदर डोक्यावर ओढला. "डेरीवाला आमचं दूध घेत न्हाई. इखार घालनाऱ्याचं घर म्हनत्यात. रोज धार काढायची आन् वड्यात वतायची. सायेब, नुसतं सोडवू नगा त्यास्नी. नुसतं सुटलं तर गाव म्हनंल पैसं चारलं. कुनी केलं त्ये दावा."

नारायणरावांना कीव आली, पण त्याहून जास्त किळस आली. दारोदार म्हशी बांधलेला मुलूख हा, आणि बाळ गोरं व्हावं म्हणून वाळवंटातून आलेलं दूध पाजतात! काय म्हणावं या लोकांना?

लालासाहेबांनी झाकण लावून डबा उलटा केला. बुडावर अरबी अक्षरांची ओळ उठवली होती, खाली एक आकडा. बाजूला इंग्रजीत छापलेली चिठ्ठी चिकटवली होती: खास परदेशी माल, मुदत डिसेंबर १९९७ पर्यंत, बॅच नंबर 10/0. चिठ्ठीच्या कडेला तांबूस डाग होता. गंज असावा.

नारायणरावांनी चष्मा चढवून बूड वाचलं. "दहा बटा शून्य. चिठ्ठीवरही दहा बटा शून्य. जुळतंय की."

"जुळतंय खरं," लालासाहेब म्हणाले, पण त्यांचा चेहरा काही जुळल्यासारखा दिसेना.

दुसऱ्या दिवशी दोघं स्कूटरवरून सांगलीत पोचले. 'गल्फ कॉर्नर' चकाचक होतं. साबण, शांपू, अत्तरं, बिस्किटांचे पुडे, आणि एकूणएक वस्तूवर हळद-कुंकवाचं बोट.

"शांपूचीसुद्धा पूजा?" नारायणरावांनी विचारलं.

भाऊसो कपाळाला गंध लावलेला, बोलायला गोड माणूस. "माल उतरला की आधी लक्ष्मीला दाखवायचा, मालक. डब्याडब्याला बोट लावल्याशिवाय फळीवर चढवत नाही आपण. वडिलांपासूनची रीत."

"दुधाचे डबे कुठून आले?"

"बिराप्पाकडनं. पोलिसांना सांगितलंय मी. चिठ्ठ्या लावूनच आणले त्यानं, मी नखसुद्धा लावलं नाही. फक्त नंबर पडताळला. बुडाला दहा बटा शून्य, चिठ्ठीला दहा बटा शून्य. आणखी दुकानदारानं काय बघायचं? छपाईचं विचाराल तर कुपवाडच्या राजसला विचारा. असली लेबलं तोच छापतो."

तेवढ्यात चहा आला. नारायणरावांनी एक घोट घेतला आणि त्यांचा हात थांबला. "हा कुठल्या दुधाचा?"

"छे छे, घ्या हो! ती पावडर नाही. घरची म्हैस आहे आपली."

नारायणरावांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांच्या लक्षात आलं, की विकणारा स्वतः काय पितो ते आपण आत्ता ऐकलं. उरलेला चहा त्यांना गेला नाही.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत राजसचं छापखान्याचं शेड होतं. पोरगा मुंबईत इंग्रजी शाळेत वाढलेला, वडिलांचा धंदा सांभाळायला इकडे आलेला. दोघं आत शिरतात न शिरतात तोच तो दारावरच्या वॉचमनवर ओरडला, "अरे, ती नऊशे बहात्तरवाली स्कूटर बाजूला घे, ट्रक येतोय!"

वॉचमन इकडेतिकडे बघत राहिला. दारात एकच स्कूटर उभी होती, लालासाहेबांची, आणि तिच्या पाटीवर ठसठशीत मराठीत १७२ लिहिलं होतं.

"हो, छापल्या मी," राजस म्हणाला. "बेदाण्याच्या खोक्यांची लेबलं छापतो, तशाच ह्या. एक हमाल मजकूर घेऊन आला, पैसे दिले, घेऊन गेला. डबा मी पाहिलापण नाही."

"मजकूर कोणाचा, हे विचारलं नाहीत?"

"सर, इतकं विचारत बसलो तर शटर खाली करावं लागेल."

बाहेर पडताच नारायणराव म्हणाले, "हाच चोर. तोंडावर बेफिकिरी लिहिलीय त्याच्या."

"बेफिकीर आहेच," लालासाहेब म्हणाले. "चला, बिराप्पाचं घर बघू."

गावात शिरल्यावर अंबूबाईच्या घराचा रस्ता सांगायलाही कुणी तोंड उघडलं नाही. एका म्हातारीनं तर दारात थुंकून कडी लावून घेतली. घर नीटनेटकं होतं. भिंतीवर सौदीहून आणलेलं सोनेरी घड्याळ टांगलेलं होतं. नारायणराव त्याच्याकडे बघून हसले. "काय कारागीर! पाचाच्या जागी शून्य, नवाच्या जागी एक. असल्या घड्याळावर माणूस कामाला कधी जाणार?"

"मालक बरूबर जात हुतं," अंबूबाई तुटक आवाजात म्हणाली. "सात वर्सं ह्येच आकडं वाचलं त्यांनी."

लालासाहेब त्या घड्याळासमोर इतका वेळ उभे राहिले, की अंबूबाईला वाटलं, ते बंद पडलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदारांच्या खोलीत सगळे जमले. भाऊसो आणि राजसला बोलावून घेतलं होतं, बिराप्पाला कोठडीतून आणलं होतं. दाढी वाढलेली, नजर जमिनीवर. दारापाशी अंबूबाई उभी होती. फौजदार कंटाळले होते. त्यांच्या लेखी प्रकरण मिटलं होतं.

लालासाहेबांनी डबा उलटा करून टेबलावर ठेवला. चिठ्ठीवर त्यांनी कागद गुंडाळला होता. "तिघांनी एकेक करून यायचं आणि बुडावरचा आकडा कागदावर लिहायचा. बोलायचं नाही."

भाऊसोनं झोकात 10/0 लिहिलं. राजसनं डोळे बारीक करून 90/0 लिहिलं. बिराप्पानं डबा हातात घेतला, वास घेऊन तोंड फिरवलं आणि लिहिलं, ५/९५.

"एकच आकडा तिघांनी तीन प्रकारे वाचला!" नारायणराव म्हणाले.

"नारायणराव, डबा अरबस्तानातला. मग त्याच्यावर मराठी आकडे कसे येतील? हे आपण दोघांनी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं." लालासाहेबांनी कागदावर बोट ठेवलं. "अरबी पाच म्हणजे नुसतं वाटोळं, आपल्या शून्यासारखं. अरबी नऊ आपल्या एकासारखा दिसतो. बिराप्पाच्या घरचं घड्याळ बघून तुम्ही हसलात, तिथं मला हे कळलं. आपण वाचलेलं दहा म्हणजे पंच्याण्णव आणि शून्य म्हणजे पाच. बिराप्पा, वर काय लिहिलंय?"

"ते उजवीकडनं वाचत्यात, सायेब. पाचवा म्हैना, पंच्यान्नव साल. ह्याच्या म्होरं खाऊ नगा, असं लिवलंय." त्यानं डबा खाली ठेवला. "पोलिसांनी मला नुसती चिट्टी दावली हुती. डबा आजच बगतोय मी."

फौजदार सावरून बसले. शहाण्णव साल संपत आलं होतं.

"म्हणजे चिठ्ठी करणाऱ्यानं मुदत संपल्याची तारीखच बॅच नंबर समजून चिठ्ठीवर छापून घेतली," लालासाहेब म्हणाले. "बिराप्पा ही चूक करणार नाही, त्याला ती तारीख वाचता येते. राजसनी डबा बघून मजकूर लिहिला असता, तर नव्वद लिहिलं असतं. माझ्या स्कूटरच्या एकशे बहात्तरचे त्यांनी नऊशे बहात्तर केले. आपला मराठी एक त्यांना इंग्रजी नऊ दिसतो. दहा कोण वाचेल? जो मराठी शाळेत शिकला आणि अरबी ज्याला ओ की ठो कळत नाही, तो. माझ्यासारखा, नारायणरावांसारखा किंवा तुमच्यासारखा, भाऊसो."

"अहो, असे लाखो आहेत!" भाऊसो हसला. "चिठ्ठ्या लावलेले डबे दिले मला. बिराप्पाला दुसऱ्या कुणी लिहून दिलं असेल."

"तेही बघू." लालासाहेबांनी कागद काढला, चिठ्ठीवर ओलं फडकं दाबून धरलं आणि ती हळूच सोलली. खाली पिवळ्या ठिपक्यावर लाल बोट उमटलेलं होतं. पाणी लागताच ते ओघळलं.

"हा गंज नाही, नारायणराव. कुंकू आहे. माल दुकानात उतरला की डब्याडब्याला बोट. कुंकू खाली आणि चिठ्ठी वर. म्हणजे डबा तुमच्या लक्ष्मीसमोर आला तेव्हा त्याला चिठ्ठी नव्हती. नख लावलं नाही म्हणालात ना?"

भाऊसोच्या कपाळावरचं गंध घामानं पसरलं.  मग त्यानं सांगितलं. मुंबईच्या गोदीत खराब ठरलेला माल होता. गुरांना घालायचा, या अटीवर त्यानं तो उचलला होता.

"मग म्हशीला का नाही घातलास?" फौजदारांनी विचारलं.

"दुभती म्हैस आहे, साहेब," भाऊसो पुटपुटला.

 नारायणरावांना किळस आली. डब्यातल्या अळ्यांचीही आली नव्हती, इतकी. राजसचा चेहरा पांढराफटक पडला होता. लालासाहेब त्याच्याकडे न बघता म्हणाले, "तुम्हाला कायदा काय करील ते करील. पण इथून पुढं छापण्याआधी विचारत जा."

संध्याकाळी फौजदार स्वतः जीपनं बिराप्पाला गावात घेऊन गेले आणि चावडीवर सगळ्यांदेखत झालेली हकिकत सांगितली. माणसं ऐकून पांगली. माफी कुणी मागितली नाही. बिराप्पा घरी येऊन भिंतीला पाठ लावून बसला आणि अंबूबाई धारेला गेली.

लालासाहेब आणि नारायणराव निघणार, तेवढ्यात साक्षी अंगणात आली. डोळे सुजलेले, हातात रिकामा तांब्या. बाळाचं सलाईन दुपारी काढलं होतं. डॉक्टरांनी वरचं दूध चालेल, पाणी घालून उकळून द्या, असं सांगितलं होतं. गावात ‘इखार घालनाऱ्याचं घर’ असं पहिल्यांदा म्हणणारी बाई हीच. ती उंबऱ्याच्या अलीकडेच उभी राहिली.

अंबूबाईनं तिच्याकडे पाहिलं. भरलेली चरवी शेजारीच होती, पण तिला तिनं हात लावला नाही. उठली, साक्षीच्या हातातला तांब्या घेऊन धुतला आणि दुसऱ्या म्हशीखाली बसली.

"आवं आत्या, त्यातलंच द्या की," साक्षी म्हणाली.

"न्हाई. हितं ये. खाली बस, माज्या म्होरं." अंबूबाईनं पहिली धार तांब्यात सोडली. "बग. कुठनं येतंय, कुनाच्या हातनं येतंय, नीट बग. मान वर कर, पोरी."

साक्षी मातीत बसली. मान वर करायला तिला तांब्या भरेपर्यंत वेळ लागला.