शामा जे विसरला नाही

पिंजऱ्याच्या दाराला कडी लावलेली होती, पण आत गाणारा शामा पक्षी नव्हता.

"दुसरा पक्षी नको. तोच शोधून दे," पाक दार्सोनो, म्हणजे दार्सोनोकाका, शेजारच्या वेनिंगला म्हणाले. ती इंडोनेशियातल्या योग्याकार्ताच्या विद्यापीठात गाणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूचा अभ्यास करायची.

पिंजऱ्यावरचं काळं फडकं नीट घडी करून ठेवलेलं. रातकिड्यांचा खाऊडबा गायब.

"ओरडला का तो?"

"नाही. एरवी परका दिसला की अख्खी गल्ली उठवतो."

आत रेडिओ कर्कश वाजत होता.

"एंदा, आता तरी बंद कर! शामा गायला लागला की हिचा रेडिओ सुरू."

"सवय झालीय, बाबा," मुलगी आतून म्हणाली.

हा शामा तीनदा मागणारा एकच माणूस होता, बाजारातला पार्मिन. एंदाला घेऊन तिघं तिथे गेली. दुकानात एक शामा होता, शेजारी बुलबुल.

"कुठून आणलात, पाक पार्मिन?"

"जंगलातून. पुस्तकं वाचून पक्षी ओळखणार होय तुम्ही?"

"मग बुलबुल कशाला?"

"पिसं झडताना दुसऱ्या पक्ष्याचं नवं गाणं ऐकवलं की जुनं पुसतं. पोरंसोरंही जाणतात."

"नाही पुसत," वेनिंग म्हणाली आणि शामा गायची वाट पाहू लागली.

शामाने बुलबुलाची लकेर घेतली. मग दोन कोरडे ठसके. जरा शांतता. मग एक लांब, घरघरणारा श्वास.

पाक दार्सोनो पायरीवरच बसले. "मुर्नी..."

त्यांची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती.

पार्मिन चाचरला. "चोरला नाही हो! फुकट मिळाला. जुना आवाज घालव, एवढीच अट होती."

"पिल्लूपणी ऐकलेलं पक्ष्याच्या मेंदूत खोल बसतं," वेनिंग म्हणाली. "तेव्हा याचा पिंजरा आजारी मुर्नीकाकूंच्या खिडकीत होता. नेताना ओरडला नाही, म्हणजे हात ओळखीचा. उपाशी राहू नये म्हणून खाऊही नेला. एक रुपियाही घेतला नाही. हा आवाज घरात कुणाला नको होता?"

तिने एंदाकडे पाहिलं.

"तुम्ही म्हणता आई घरात आहे," एंदा वडिलांना म्हणाली. "मला ती रोज सकाळी मरताना ऐकू येते, बाबा."

"मला तिचं तेवढंच उरलंय गं."

"शिकवून बदलेल का?" एंदाने वेनिंगला विचारलं.

"भर पडेल. ते जाणार नाही."

दार्सोनोंनी पिंजऱ्यावर फडकं टाकलं, तो उचलला आणि घराची वाट धरली. एंदा घरी न जाता बसथांब्याकडे वळली. मागून दोन ठसके आले. तिने कान गच्च दाबले.

तो लांब श्वास तरीही आतून ऐकू आला, नेमका त्याच्या वेळेवर.