येतो म्हणणाऱ्यांचा विमानतळ

सोनखांबच्या विमानतळावर रोज एक विमान रिकामं उतरायचं आणि रिकामंच उडायचं. विमान निर्वैमानिक, त्यामुळे आत चालवायलासुद्धा माणूस नाही. खैरमोडे एकटेच तळप्रमुख, एकटेच उद्घोषक. तरी ते ध्वनिक्षेपकावर खणखणीत म्हणायचे, "सोनखांबनगरीत आपलं स्वागत आहे!" धावपट्टीवरच्या शेळ्या माना वर करायच्या. स्वागत स्वीकारायला तेवढ्याच होत्या. काही शेळ्यांना तर त्या स्वागताची इतकी सवय झाली होती, की ते झाल्याशिवाय त्या दूध देत नसत, असं गावात शपथेवर सांगतात.

एके दिवशी मात्र विमानातून माणूस उतरला. डॉ. टेंबे. हेतुवाचक यंत्र बनवणाऱ्या चमूतल्या. घर मराठी, पण वाढल्या परदेशात.

"काका, तुमच्या गावात माणसं किती?"

"उरलेली म्हणताय? म्हाताऱ्यांची एक पंगत उठेल."

"मग आमचं यंत्र रोज विमान का धाडतंय? फलक बघा. 'सोनखांबला येणार: चार हजार.'"

खैरमोडे गालात हसले. "यंत्राला विचारा की."

"यंत्र साधं आहे," टेंबे म्हणाल्या. "तिकीट आता कुठेच नाही. दाराशी माणूस जे बोलतो, त्यातून हेतुवाचक त्याचा बेत ओळखतो आणि विमानं सोडतो. सोनखांबचा माणूस जगातल्या कुठल्याही विमानतळावर 'जातो' म्हणाला, की तो गेला. 'येतो' म्हणाला, की तो गावी येणार. तो येईपर्यंत विमान पाठवत राहायचं."

खैरमोडे एवढे हसले, की चष्मा काढून पुसावा लागला.

"अहो बाई, आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत! अभद्र असतं ते. जो तो 'येतो' म्हणतो आणि जातो."

"म्हणजे चार हजार माणसं 'येतो' म्हणून…"

"गेली. आमचा सारंगही. याच दारातून. त्याची आई होती तेव्हा."

टेंबेंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराशेजारच्या यंत्राकडे वळल्या. "सोपं आहे. मराठीत उलट धरायचं. येतो म्हणजे जातो, जातो म्हणजे येतो."

"तसं नव्हे हो…" खैरमोडे घाईनं म्हणाले. पण फलकावर शून्य आलंही होतं.

"बाई, विमान बंद झालं तर पोरगा येईल कसा?"

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "रोज विमान जात होतं ना त्याला आणायला?"

टेंबे त्याच विमानानं परतल्या. दारात सवयीनं म्हणाल्या, "येते हं." यंत्रानं नव्या नियमाप्रमाणे ऐकलं: गेल्या.

पुढे विमान आलं नाही. खैरमोडे तरी गणवेश चढवून बसायचे. स्वागत मात्र थांबलं. शेळ्याही धावपट्टी सोडून दाराशी येऊन बसू लागल्या. माणसाचा आवाज ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याही कंटाळल्या असाव्यात.

आणि एका दुपारी फोन वाजला.

"बाबा, मी सारंग. विमानतळावर आहे. इथलं दार उघडत नाही. म्हणतंय, सोनखांबला कुणी येणार नाही."

खैरमोडेंनी चहा खाली ठेवला. "तू दाराशी काय म्हणालास?"

"काय म्हणणार? येतो म्हणालो. खरंच येतोय, बाबा."

बापानं डोळे मिटले. पोरगा जन्मात पहिल्यांदा तो शब्द खरा बोलला होता, आणि तोच नेमका यंत्राला खोटा वाटला होता.

"सारंग, जातो म्हण."

"काय?"

"दाराकडे तोंड कर आणि म्हण, बाबा, मी जातो."

"भलतंच! लहानपणी एकदा म्हणालो तर आईनं तोंडावर चापट मारली होती. आता ती नाही, तुम्ही एकटे, आणि मी असं बोलू?"

"आईला मी समजावतो. तू बोल रे!"

फोनमधला आवाज दाराकडे वळला, "बाबा… मी जातो."

फलक लुकलुकला. 'सोनखांबला येणार: एक.'

खैरमोडे टोपी सावरत बाहेर धावले. फोनवरचा त्यांचा आवाज ऐकून शेळ्या पुन्हा धावपट्टीवर पसरल्या होत्या. "जा गं, जा!" असं ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. दाराशी यंत्र ऐकत होतं, आणि त्याच्या लेखी 'जा' म्हणजे 'या'.

ते शेळ्यांजवळ गेले, वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "या बायांनो, या."