अप्पांच्या फोनचं उत्तर

हसायचं असेल तर खुशाल हसा. मीही हसलो होतो. पण राजशेखर माझा मावसभाऊ, आणि खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात. हे सांगताना झाले नाहीत.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. जिंतूर तालुक्यातलं बोरी. टळटळीत दुपार, दोन वाजलेले.

बोरीत लाईट गेली की फोनची रेंजही जाते. म्हणून राजशेखरनं बाजारातल्या दुकानांचे फोन एकमेकांना जोडून दिले होते. मधे मोठं मशीन नाही, मालक नाही. काही शोधायचं असलं की आपला फोन शेजारच्या फोनला विचारणार, तो त्याच्या पुढच्याला. आधी सगळेच सगळ्यांना विचारायचे आणि नुसता कालवा व्हायचा. मग त्यानं दोन नियम घातले. ज्यानं मागं लवकर उत्तर दिलं, त्यालाच आधी विचारायचं. आणि नऊ फोन फिरून सापडलं नाही, तर शोध तिथंच संपवायचा.

त्याचे वडील, शिवप्रकाश अप्पा, माघात वारले, लिंगैक्य झाले. तेव्हापासून आई, उमादेवी, घासभर खाऊन ताट सारायची. पार सुकली होती.

"एकदा त्यांचं भजन ऐकव रे राजू," एवढंच म्हणायची.

भजन अप्पांच्याच फोनमध्ये होतं. आणि तो फोन मातीच्या दिवसापासून गायब. कुणीतरी लंपास केला, असं सगळे धरून चालले होते.

घर राजशेखरच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाच्या मागंच. त्या दुपारी राजशेखरनं आईच्या फोनवरून भजनाचा शोध सोडला. कुणाकडे तरी नक्कल असेल, ही आशा. त्याचा स्वतःचा फोन… नाही. धम्मपालची झेरॉक्स… नाही. सरजाबाईची चहाची टपरी… नाही.

आठही फोन नाही म्हणाले.

नववा म्हणाला… 'आहे.'

खाली फोनचं नाव होतं. अप्पा.

राजशेखरनं नाव दोनदा वाचलं. पण भजन आलं होतं. आईनं ते ऐकलं आणि कितीतरी दिवसांनी अख्खी भाकरी खाल्ली. राजशेखरला रडूच फुटलं.

"चोर बाजारातच हाय बघ आई," तो म्हणाला.

आईचा शेवटचा घास हातातच थांबला.

"चोर कशाचा? मीच ठेवला फोन. त्यांना समाधीच्या खड्ड्यात बसवलं, तवा बेल-विभूती घालताना शालीखाली सारला. फोनबिगर त्यांना करमायचं न्हाई ना."

तीन महिने उलटले होते. त्या फोनची बॅटरी दीड दिवसही टिकत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून बाजारात कुणी काहीही शोधलं की पहिलं उत्तर अप्पांचंच यायचं. झटक्यात. मग नियमाप्रमाणे सगळे फोन आधी अप्पांनाच विचारू लागले.

"राजूभाऊ, तुमचं काम लय जोरात पळायलंय!" धम्मपाल खूश. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक?

पाचव्या दिवशी, दुपारी दोनला, अप्पांच्या फोननं स्वतःच शोध सोडला.

शब्द एकच… 'उमा.'

एक दुकान पुढं येऊन शोध थांबला. दुसऱ्या दिवशी दोन दुकानं. मग तीन.

राजशेखर हादरला. दुकानोदुकानी हात जोडत फिरला, बंद करा म्हणून. "चांगलं चालायलंय की!" म्हणून लोकांनी त्याला चहा पाजला. मालकच नाही, तर बंद कुणी करायचं?

त्या शोधाच्या नवव्या दिवशी पाळी आईच्या फोनची होती. त्यानं तो बंद केला आणि कपाटात कुलपात ठेवला. किल्ली स्वतःच्या खिशात.

दोन वाजले.

मागच्या खोलीतून… टिंग.

तो धावला. कपाटाला कुलूप तसंच होतं. आई पाटावर बसलेली, तिच्या हातात तोच फोन, उजेड चेहऱ्यावर.

"त्यांनी इचारलं," आई हसली. "म्या म्हनलं, हाय."

आता आई पोटभर जेवते. पोरीसारखी हसते. डॉक्टर म्हणतात, प्रकृती उत्तम.

पण परवा मी बोरीला गेलो होतो. माझ्यासमोर राजशेखरनं स्वतःच्या फोनवरून आईचा फोन शोधला. आई आमच्या पुढ्यातच जेवत होती. फोन तिच्या मांडीवर.

राजशेखरच्या फोनवर मात्र तो दिसला… नऊ फोन लांब.

अप्पांच्या पलीकडे.

तेव्हापासून राजशेखर दुकान उघडत नाही. आईचा हात धरून बसून असतो.